छोट्या नगरपरिषदेची एक सेवा ऑनलाइन आणताना : नव्याने रुजू झालेल्यांसाठी पायरी-पायरीने

नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर, येवला, सटाणा, चांदवड, भगूर, इगतपुरी, त्र्यंबक यांसारख्या नगरपरिषदेत, किंवा पेठ, सुरगाणा, कळवण, निफाड यांसारख्या नगरपंचायतीत तुम्ही नुकतेच रुजू झाला असाल, तर थोड्याच दिवसांत टेबलावर एक पत्र येईल : अमुक तारखेपर्यंत नागरी सेवा ऑनलाइन करून अहवाल सादर करावा. सोबत भरायचा तक्ता असतो. काम कुठून सुरू करायचं, हे मात्र त्यात नसतं. जिल्ह्यातल्याच एका नगरपरिषदेत मी आधी कर विभागात आणि नंतर संगणक विभागात काम केलं. तिथे जो क्रम टिकला तो इथे सविस्तर लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. लोक वेबसाइट बघायला येत नाहीत, त्यांना उतारा हवा असतो, दाखला हवा असतो, भरलेल्या पैशांची पावती हवी असते. आणि या प्रत्येक कागदामागे आपल्या कपाटातली एक नोंदवही असते. ती नोंदवही बरोबर असेल तरच ऑनलाइन सेवा चालते. म्हणून या लेखात सॉफ्टवेअरपेक्षा नोंदवहीवर जास्त लिहिलं आहे.

उदाहरण म्हणून मालमत्ता कर घेतो : कराचा उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला, कराचा भरणा आणि नावातला बदल. छोट्या गावात सर्वांत जास्त लोक याच खिडकीवर येतात, आणि नगरपरिषदेचं हक्काचं उत्पन्नही इथूनच येतं.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- मागणी नोंदवही (कुणाकडून किती कर येणं आहे) आणि वसुली नोंदवही (किती आला), शक्यतो मागच्या चतुर्वार्षिक आकारणीपासूनच्या
- अंतिम झालेली आकारणी यादी आणि तिच्यावरच्या हरकतींचे निकाल
- जीआयएस (संगणकीय नकाशावरचं) सर्वेक्षण झालं असेल तर त्याची यादी आणि नकाशे, मूळ फाइलच्या स्वरूपात (छापील प्रत पुरत नाही)
- नगर भूमापन (सिटी सर्व्हे) क्रमांकांची यादी
- लोकसेवा हक्काखाली अधिसूचित सेवांची यादी : मुदत, शुल्क आणि पदनिर्देशित अधिकारी (सेवा मुदतीत देण्याची जबाबदारी असलेला) यांसह
- नगरपरिषदेच्या सगळ्या बँक खात्यांची यादी आणि कोणत्या खात्यात कशाचे पैसे येतात याची नोंद
- आताच्या सॉफ्टवेअरचा करारनामा, असेल तर. तो लेखा विभागात किंवा भांडार विभागात सापडतो
- मुख्याधिकाऱ्यांची सही असलेलं साधं कार्यालयीन पत्र, की हे काम तुमच्याकडे सोपवलं आहे. हे नसेल तर दुसऱ्या विभागाचं कपाट उघडत नाही

## १. कोणती सेवा खरंच आपली आहे, ते आधी ठरवा

खिडकीवर येणाऱ्या माणसासाठी सगळं सरकार एकच असतं. तुम्हाला मात्र वेगळं करून बघावं लागतं.

जन्म-मृत्यूची नोंद आपल्याकडे होते, पण ती केंद्राच्या नागरी नोंदणी प्रणालीत करायची. १९६९ च्या कायद्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. त्यामुळे 'आमच्याकडे जन्मदाखल्याचं वेगळं सॉफ्टवेअर आहे' असं सांगत कुणी आलं, तर नम्रपणे नाही म्हणा. समांतर नोंद ठेवली की पुढे त्या लेकराच्याच वाट्याला हेलपाटे येतात.

दुकान नोंदणीचंही तसंच. २०१७ च्या कायद्याप्रमाणे वीसपेक्षा कमी (२०२५ च्या दुरुस्तीआधी दहापेक्षा कमी) कामगार असलेल्या दुकानाला फक्त सूचना द्यावी लागते आणि ती कामगार विभागाकडे, ऑनलाइन. सातबारा महसूल विभागाचा, मालमत्ता पत्रक भूमी अभिलेखचं. या तिन्हींसाठी लोक आपल्याकडे येतात आणि रांगेत उभं राहून परत जातात. खिडकीवर मोठ्या अक्षरात एक फलक लावा : हे काम इथे होत नाही, अमुक ठिकाणी होतं. रुपयाही न लागता पहिल्याच आठवड्यात रांग कमी होते.

जे उरलं ते आपलं. त्यातली एकच सेवा निवडा. पत्रात वीस सेवा लिहिलेल्या असतील तरीही आधी एकच. पहिली नीट चालली की दुसरीला निम्मे कष्ट लागतात.

## २. खिडकीशेजारी बसून अर्जाची वाट लिहून काढा

काही दिवस नुसतं बघा. अर्ज आवकमध्ये आला, कर लिपिकाकडे गेला, नोंदवही काढली गेली, कर निरीक्षकांनी तपासलं, मुख्याधिकाऱ्यांची सही झाली, जावक क्रमांक पडला. एका मोठ्या कागदावर ही टेबलं काढा आणि प्रत्येकापुढे लिहा : इथे अर्ज तपासला जातो, मंजूर होतो, की नुसता पुढे सरकतो? जिथे नुसता सरकतो ते टेबल ऑनलाइन प्रवासात ठेवू नका. कुणाला कमी लेखण्याचा इथे प्रश्नच नाही. त्या माणसाचा वेळ वसुलीला, तक्रारींना मोकळा होतो, आणि हे त्यांच्याशी आधीच बोलून घेतलं तर तेच तुम्हाला सगळ्यात जास्त मदत करतात.

मग मागितल्या जाणाऱ्या कागदांची यादी घ्या आणि प्रत्येक कागदापुढे नियम लिहा. नियम सापडला नाही तर तो कागद का मागतो, हे विचारा. बहुतेक वेळा 'पूर्वीपासून मागतो' एवढंच उत्तर येतं. थकबाकी नसल्याच्या दाखल्यासाठी मागच्या वर्षीच्या पावतीची झेरॉक्स कशाला? ती पावती आपणच दिलेली असते आणि तिची स्थळप्रत आपल्याच दप्तरात असते. प्रतिज्ञापत्राचंही तसंच : राज्य सरकारने २०१५ मध्येच ठरवलं आहे, की कायद्याने सक्ती केली नसेल तिथे शासकीय दाखल्यांसाठी स्टॅम्प पेपरवरचं प्रतिज्ञापत्र मागायचं नाही, स्वयंघोषणापत्र आणि स्वसाक्षांकित प्रती घ्यायच्या.

नावातल्या बदलासाठी मात्र कागद लागतातच. खरेदी असेल तर नोंदणीकृत खरेदीखत आणि सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू). वारसा असेल तर मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती आणि सगळ्या वारसांची संमती. इथे सूट देऊ नका.

जी यादी ठरेल ती फलकावर, अर्जाच्या नमुन्यात आणि ऑनलाइन पानावर शब्दशः एकच ठेवा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे सेवा, लागणारी कागदपत्रं, शुल्क, मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलीय अधिकारी फलकावर लावणं बंधनकारक आहे. विनाकारण उशीर झाला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अर्ज कोणत्या दिवशी 'पूर्ण' धरायचा, हे म्हणूनच महत्त्वाचं. अर्धवट अर्ज प्रणालीने घेतलाच नाही तर वाद उरत नाही.

## ३. नोंदवही स्वच्छ करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ही पायरी गाळून पुढे गेलेल्या प्रणाल्या मी पाहिल्या आहेत : लोक मोबाइलवर स्वतःचं नाव शोधतात, सापडत नाही, आणि पुन्हा खिडकीवर येतात. त्यानंतर ते मोबाइल उघडतच नाहीत.

फॉन्ट. जुनी संगणकीकृत यादी असेल तर ती बहुधा युनिकोडमध्ये नसेल. श्रीलिपी, शिवाजी, सुरेख अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल. पडद्यावर अक्षरं मराठी दिसतात, पण आत वेगळीच चिन्हं असतात, त्यामुळे नाव शोधता येत नाही. रूपांतर करणारी साधनं मिळतात, मात्र जोडाक्षरं आणि रफार यांत चुका राहतात. 'कुऱ्हाडे', 'गवळी', 'ज्ञानेश्वर', 'कृष्णा' अशी शंभरेक नावं आधी रूपांतरित करून डोळ्यांनी तपासा, मगच सगळी यादी घ्या.

नावं. जुन्या नोंदीत 'रामदास पं. शिंदे', 'शिंदे रामदास पंढरीनाथ' आणि 'रा. पं. शिंदे व इतर २' ही एकाच घराची तीन रूपं असू शकतात. तीन वेगळी घरंही असू शकतात. अंदाजाने एकत्र करू नका. आडनाव, नाव आणि वडिलांचं किंवा पतीचं नाव असे वेगळे रकाने करा. 'व इतर'मधल्या माणसांची नावं मिळतील तेव्हा भरा. तोवर 'व इतर' तसंच राहू द्या.

मालमत्ता क्रमांक. या चुकीची किंमत सगळ्यात मोठी आहे, म्हणून नीट वाचा. अनेक ठिकाणी मालमत्ता क्रमांकातच प्रभाग क्रमांक असतो : प्रभाग ४, घर १२७. प्रभागरचना बदलली की प्रभाग बदलतो, आणि जुन्या पावत्या, न्यायालयातले कागद, बँकेकडचं गहाणखत सगळ्यांवर जुना क्रमांक राहतो. म्हणून प्रत्येक मालमत्तेला कधीही न बदलणारा साधा क्रमांक द्या, ज्यात प्रभाग नाही, रस्ता नाही, वर्ष नाही. प्रभाग वेगळ्या रकान्यात ठेवा. नगर भूमापन क्रमांक आणि जुना घर क्रमांक यांचेही स्वतंत्र रकाने हवेत. लोकांच्या तोंडी जुनाच क्रमांक असतो, त्यावरूनही शोध लागला पाहिजे.

थकबाकी. नुसती एकूण रक्कम नव्या प्रणालीत घेऊ नका. वर्षनिहाय घ्या, आणि कर, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, शास्ती (उशिरा भरल्याचा दंड) वेगवेगळे घ्या. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते. एकूण रकमेवर यंत्राने शास्ती लावली तर शास्तीवरच शास्ती चढते, आणि पहिल्याच बिलाला गावात मोर्चा निघतो. न वटलेले धनादेश, न्यायालयाची स्थगिती आणि मंजूर झालेली सूट यांच्या नोंदी हातानेच टाकाव्या लागतात. त्या नोंदी वहीच्या समासात पेन्सिलीने लिहिलेल्या असतात, म्हणून जुन्या वसुली लिपिकाला शेजारी बसवा. निवृत्त झाले असतील तर घरी जाऊन विचारा. कोणत्या घराचं काय प्रकरण आहे हे त्यांना पाठ असतं, आणि विचारायला कुणी आलं याचं त्यांना मनापासून बरं वाटतं.

चूक आणि बदल यांत फरक करा. 'पाटिल'चं 'पाटील' करणं ही टायपिंगची दुरुस्ती. कर निरीक्षकांच्या सहीने यादी करून ती करता येते. 'पंढरीनाथ'च्या जागी त्यांच्या मुलाचं नाव टाकणं म्हणजे मालकीच्या नोंदीतला बदल. त्याला अर्ज, कागद आणि आदेश लागतो. क्षेत्रफळ किंवा वापर बदलून कर वाढत असेल तर नोटीस आणि सुनावणी लागते. नोंदी भरण्यासाठी ठेवलेल्या मुलामुलींना हे पहिल्या दिवशी सांगा आणि प्रणालीत त्यांना नाव बदलण्याची परवानगीच देऊ नका. घरातला मोठा भाऊ 'तेवढं माझं नाव टाक' म्हणून संध्याकाळी येऊन उभा राहतो, तेव्हा 'माझ्याकडे ती सोयच नाही' हे उत्तर त्या मुलाला वाचवतं.

उताऱ्यावर ठळक छापा : हा कर आकारणीसाठीचा उतारा आहे, मालकी हक्काचा पुरावा नाही. कायद्याची स्थिती हीच आहे, आणि लोकांना ती माहीत नसते.

मोबाइल क्रमांक गोळा करायची उत्तम वेळ म्हणजे जानेवारी ते मार्चची वसुली. लिपिक घरोघरी जातातच. त्यांच्या हातात त्या गल्लीची छापील यादी द्या : नाव, क्षेत्रफळ, मजले, मोबाइल. चूक असेल तर तिथेच लाल पेनाने लिहून आणायची. आधी एकच प्रभाग पूर्ण करा.

## ४. मान्यता आणि पैसा

छोटी पायरी, पण कागद नीट ठेवा. कामाची टिपणी मुख्याधिकाऱ्यांपुढे मांडा. शुल्क बदलणार असेल किंवा खर्च होणार असेल तर सभेचा ठराव घ्या. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच होता, त्यातून कर विभागाचं सॉफ्टवेअर घेता येत नव्हतं. हाती असलेला निधी कोणत्या अटींवर आला आहे, ते लेखापालांना आधी विचारा. नवीन नगरसेवकांना ठरावाआधी एकदा प्रत्यक्ष प्रणाली दाखवा. प्रभागातले लोक आधी त्यांनाच फोन करतात.

## ५. सॉफ्टवेअर : आधी जे आहे ते वापरा

स्वतःचं वेगळं ॲप बनवून घ्यायची घाई करू नका. नगरपरिषद प्रशासन संचालनालयामार्फत सामाईक प्रणाली मिळते का, ते बघा. केंद्राने फेब्रुवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय नागरी डिजिटल अभियान जाहीर केलं. त्यातला 'उपयोग' हा खुल्या स्रोताचा मंच मालमत्ता कर, तक्रारी, परवाने अशा सेवांसाठीच बनवलेला आहे. आपल्यासारख्या गावाला चार कर्मचाऱ्यांत स्वतंत्र प्रणाली वर्षानुवर्षं सांभाळता येत नाही.

तरी खासगी कंपनीकडून घ्यायचंच असेल तर करारनाम्यात हे मुद्दे लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर राहू नका :

- सगळी माहिती नगरपरिषदेच्या मालकीची राहील, आणि मागितल्यावर ती साध्या, उघडता येईल अशा स्वरूपात विनाशुल्क मिळेल
- दर महिन्याला माहितीची पूर्ण प्रत नगरपरिषदेच्या ताब्यात मिळेल
- मुख्य पासवर्ड मुख्याधिकाऱ्यांच्या नावे बंद लिफाफ्यात राहील
- सेवा सरकारी डोमेनवर चालेल, आणि सुरू करण्यापूर्वी सर्ट-इनच्या (केंद्राची सायबर सुरक्षा संस्था) यादीवरील संस्थेकडून सुरक्षा तपासणी होईल
- फेब्रुवारी आणि मार्चमध्ये माणूस प्रत्यक्ष हजर राहील
- कुणी, कधी, कोणती नोंद बदलली, याचा इतिहास पुसता येणार नाही

पहिली अट नसली की काय होतं? कंपनी बदलायची वेळ येते तेव्हा आपलीच मागणी नोंदवही आपल्याला मिळत नाही. एका गावाला छापील उताऱ्यांवरून सगळ्या नोंदी पुन्हा टाइप करायची वेळ आलेली मी पाहिली आहे.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगाविशी वाटते. नाशिकमध्ये या कामाची जाण असलेले तरुण भरपूर आहेत. २०१५ च्या सिंहस्थात पायाखालच्या चटईवरून माणसांची गर्दी मोजणारं 'अशिओतो' हे साधन नाशिकच्याच मुलांनी बनवलं होतं. जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना बोलवा, पडदे कसे असावेत, लोक कुठे अडतात हे त्यांच्याकडून तपासून घ्या. मात्र त्यांना खरी नावं आणि खरे मोबाइल क्रमांक देऊ नका. बनावट नावांची नमुना यादी करून द्या.

## ६. ऑनलाइन भरणा आणि रोजचा ताळमेळ

लोकांचा विश्वास इथेच बसतो किंवा मोडतो. सकाळी भरलेले पैसे संध्याकाळी आपल्या खात्यात दिसतीलच असं नाही. पेमेंट गेटवेकडून (ऑनलाइन पैसे घेऊन आपल्या खात्यात पाठवणारी मधली कंपनी) रक्कम एकत्रित आणि उशिरा येते. म्हणून रोज तीन याद्या जुळवायच्या : प्रणालीतल्या पावत्या, गेटवेचा अहवाल, बँकेचं स्टेटमेंट. रोज जुळवलं तर थोड्या वेळात काम होतं. महिन्याने बसलात तर कुणाचे पैसे कुठे गेले ते सापडत नाही, आणि लेखापरीक्षणात आक्षेप निघतो.

पैसे कापले गेले पण पावती आली नाही, ही तक्रार नक्की येणार. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआयने व्यापाऱ्याला केलेला व्यवहार असा अडकला, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. खिडकीवरच्या माणसाला हे तोंडपाठ हवं. नागरिकाला सांगा : लगेच दुसऱ्यांदा भरू नका, व्यवहार क्रमांक लिहून द्या, अमुक तारखेपर्यंत थांबा. आणि त्या दरम्यान ३१ मार्च आला तर शास्ती लागणार नाही, अशी तरतूद आधीच लेखी करून ठेवा.

क्यूआर कोडची काळजी घ्या. खिडकीवर चिकटवलेल्या कोडवर कुणी दुसरा कोड चिकटवून गेलं तर दिवसभराचे पैसे भलत्याच खात्यात जातात. कोड काचेच्या आतल्या बाजूला लावा, आणि रोज सकाळी एक रुपया भरून खात्याचं नाव बघा. कुणाच्याही वैयक्तिक खात्याचा कोड, अगदी 'आजच्या दिवसापुरता' म्हणूनसुद्धा, चालवून घेऊ नका.

## ७. डिजिटल सही

सही करणाऱ्या अधिकाऱ्याच्या स्वतःच्या नावाने डिजिटल सहीचं टोकन (पेन ड्राइव्हसारखं छोटं उपकरण) घ्या. बदली झाली की त्याच दिवशी ते प्रणालीतून काढा आणि नव्या अधिकाऱ्याचं जोडा. यासाठी लागणारे दिवस आधीच धरा, नाहीतर बदलीनंतर दाखले अडून राहतात. टोकन कपाटात आणि त्यावर पिन लिहिलेली चिठ्ठी, असं दिसलं तर लगेच थांबवा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने डिजिटल सहीला हाताच्या सहीइतकंच मोल दिलं आहे. ती दुसऱ्याने वापरली तर जबाबदारी सही ज्याची त्याचीच.

डाउनलोड केलेल्या दाखल्यावर पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं, आणि लोक घाबरून येतात. त्या संगणकावर सहीची पडताळणी झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. दाखल्यावर क्यूआर कोड छापा, जो स्कॅन केला की नगरपरिषदेच्या पानावर मूळ नोंद दिसेल. खाली मराठीत एक ओळ टाका : 'डिजिटल स्वाक्षरीचा दाखला, शिक्क्याची आवश्यकता नाही.' तरीही एखादी संस्था शिक्का मागतेच. मुख्याधिकाऱ्यांच्या सहीचं एक पत्र तयार ठेवा आणि गावातल्या बँका, पतसंस्था, शाळा यांना आधीच पाठवा. या एका पत्राने खिडकीवरचे पुष्कळ वाद मिटतात.

## ८. खऱ्या माणसांकडून चालवून बघा

कार्यालयातल्या माणसांनी चाचणी घेऊन उपयोग नाही, त्यांना सगळं माहीत असतं. बाहेरची माणसं बोलवा : सिन्नरमध्ये विडी कामगार बाई, मनमाडमध्ये रेल्वेतून निवृत्त झालेले आजोबा, येवल्यात मागावरचा विणकर, सटाण्यात घरी अहिराणी बोलणारी आजी. आणि गावात घर असून मुंबईला राहणारा एखादा मुलगा. ऑनलाइन भरण्याचा सगळ्यात जास्त फायदा याच माणसाला होतो. तो वर्षातून एकदा यात्रेला येतो, तेव्हा कार्यालयाला सुट्टी असते.

त्यांच्या हातात मोबाइल द्या आणि गप्प बसा. 'तिथे दाबा' म्हणू नका. जिथे थांबतील तिथे तुमचा पडदा चुकला आहे. 'प्रमाणीकृत करा', 'सत्यापित करा' या शब्दांवर अडतात, 'तपासून पाहा' लगेच कळतं.

कष्टाच्या कामाने बोटांचे ठसे झिजतात, म्हणून ठशावर चालणारी एकमेव सोय ठेवू नका. ओटीपी ज्या मोबाइलवर जातो तो बहुतेक वेळा मुलाचा असतो, आणि मुलगा कंपनीत पाळीवर असतो. नुसता उतारा बघायला ओटीपी मागू नका. नाव बदलाच्या अर्जाला मात्र मागा.

एसएमएसचं गणित बघा. इंग्रजी संदेशात १६० अक्षरं बसतात, मराठीत फक्त ७०, आणि काना-मात्रा, वेलांटीही वेगळी मोजली जाते. त्याहून लांब झाला तर दोन संदेशांचे पैसे पडतात. 'मालमत्ता क्र. १०४५ चा कर रु. २४५० जमा. पावती ३१८.' एवढं पुरतं. पाठवणाऱ्याचं नाव आणि संदेशाचा मसुदा आधी डीएलटी मंचावर (टेलिकॉम कंपन्यांचा संदेश-नोंदणीचा मंच) नोंदवावा लागतो, त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम लवकर सुरू करा.

पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडे पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही जातात. अशा दिवसासाठी छापील पावती पुस्तक ठेवा, पण त्याची क्रममालिका वेगळी असू द्या, आणि लाइन आली की त्याच दिवशी नोंदी चढवा.

## ९. सुरू करा, आणि खिडकी उघडी ठेवा

मार्चमध्ये सुरू करू नका. वसुलीच्या गर्दीत छोटी अडचणही मोठी होते. नव्या वर्षाची बिलं निघायच्या आधी सुरू करा आणि बिलावरच छापा : मालमत्ता क्रमांक, ऑनलाइन पत्ता, क्यूआर कोड, आणि अडचण आली तर कुणाला विचारायचं.

खिडकी बंद करू नका. मात्र खिडकीवरचा लिपिकही त्याच प्रणालीत नोंद करेल, हे पहिल्या दिवसापासून पाळा. वहीत वेगळं आणि संगणकात वेगळं असं सहा महिने चाललं की दोन्ही खोटं ठरतं. खिडकीवर आलेल्या प्रत्येकाला काम झाल्यावर एकदा दाखवा, की हेच घरून कसं होतं.

त्र्यंबकला हे काम करणाऱ्यांनी २०२७ चा सिंहस्थ डोळ्यांपुढे ठेवून आखणी करावी. त्या काळात सगळा कर्मचारीवर्ग गर्दीच्या कामाला लागतो. गावकऱ्यांचे उतारे आणि दाखले तेव्हा आपोआप मिळायला हवे असतील तर प्रणाली त्याआधी स्थिर झालेली हवी.

## १०. सुरू झाल्यावर

आठवड्याला तीनच आकडे बघा : किती अर्ज आले, किती मुदतीत निघाले, आणि ऑनलाइन अर्ज केल्यावरही किती जणांना कार्यालयात यावं लागलं. तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. त्यातल्या प्रत्येकाला विचारा, का यावं लागलं. उत्तरं मुख्याधिकाऱ्यांच्या आढावा बैठकीत जशीच्या तशी ठेवा.

लोकांची माहिती जपा. थकबाकीदारांची यादी आधार आणि मोबाइल क्रमांकांसह व्हॉट्सॲपच्या गटात टाकू नका. आधार घ्यायचंच असेल तर पहिले आठ अंक झाकलेलं घ्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. कुणाकडून कोणती माहिती, कशासाठी आणि किती काळ ठेवतो, हे आतापासूनच लिहून ठेवा. प्रणालीत कुणी घुसखोरी केली तर सर्ट-इनला सहा तासांत कळवावं लागतं. त्यांचा संपर्क आणि कळवण्याचा नमुना भिंतीवर लावा, कारण असं बहुतेक सुट्टीच्या दिवशीच होतं.

आणि बदलीची फाइल आजच उघडा. त्यात करारनामा आणि तो संपण्याची तारीख, डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख, डीएलटी नोंदणी, गेटवेच्या माणसाचा आणि बँकेतल्या माणसाचा क्रमांक, टोकनांची यादी, माहितीच्या मासिक प्रती कुठे आहेत ते, आणि नोंदवहीतल्या अजून न सुटलेल्या प्रकरणांची यादी ठेवा. तुमच्या जागी येणारा माणूस चार्ज घेईल तेव्हा ही फाइल त्याच्यासोबत बसून वाचा, आणि चार्ज यादीत तिचा स्वतंत्र क्रमांक टाकून दोघांच्या सह्या घ्या.